जीपच्या स्टिअरिंगमधला खेळ वेळीच काढा

मागल्या वैशाखात काटोल तालुक्यातील एका गावी संत्र्याची बाग पाहण्यास गेलो होतो. झाडांच्या बुंध्याला डिंक्या लागला होता, त्यासंबंधी सल्ला हवा होता. बाग पाहून झाली, चहा झाला, आणि बागाईतदार भाऊ म्हणाले, "चला साहेब, तुम्हाले जीपनं डांबरी रस्त्यापर्यंत सोडतो." जीप जुनी, उंच बोनेटची, वडिलांच्या वेळची. मी पुढे त्यांच्याशेजारी बसलो. मागे त्यांच्या सौभाग्यवती आणि दोन क्रेट भाजी.

पांधणीतून निघालो, पुढे गावरस्त्याला लागलो. गाडी जेमतेम चाळीसच्या वेगाने सरळ चालली होती. पण भाऊंचे हात मात्र सरळ नव्हते. ते स्टिअरिंग सारखे डावीकडे-उजवीकडे फिरवीत होते, जणू ताक घुसळणे चालले आहे. मी न राहवून विचारले, तर हसून म्हणाले, "थे थोडी इकडं-तिकडं पाह्यते जी, पण आपलं ऐकते. सवय झाली." मागून बाई म्हणाल्या, "यायचंच ऐकते. मागच्या महिन्यात पोरानं चालवली, त सरळ धुऱ्यावर चढली."

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा लेख लिहिण्याचे कारण बाईंचे हे वाक्य. चालवणाऱ्याला सवय होते. पण ज्याला सवय नाही असा घरातला दुसरा कोणी त्या जागेवर बसला म्हणजे खरी गोष्ट उघडी पडते. आणि सवय झालेल्यालाही एखादे दिवशी समोरून ट्रक आला, रस्त्याची कड तुटलेली असली, म्हणजे सवयीचा उपयोग होत नाही.

मी पिकांचा माणूस, यंत्रांचा नव्हे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात बी. एस्सी. करताना शेती अवजारांचा विषय होता तेवढाच. पण तीस वर्षांची नोकरी गावोगाव हिंडण्यात गेली, आणि त्यातली पहिली अनेक वर्षे जीपमध्ये गेली. जीपबद्दल जे थोडे कळते ते एका ड्रायव्हर काकांमुळे. ते कार्यालयाची गाडी घरच्या बैलासारखी जपत.

ही गाडी आपल्याकडे आली कशी

जीप मुळात दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकेत १९४१ सालापासून ती लष्करासाठी मोठ्या संख्येने तयार झाली. युद्धानंतर शेतकऱ्यासाठी म्हणून तिचे नागरी रूप निघाले. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू केली आणि पुढे परवाना घेऊन गाडी इथेच बनवू लागली. उंच बोनेटची जी जीप आपण ओळखतो तिचे मॉडेल सीजे ३ बी. ते अमेरिकेत १९५३ साली निघाले आणि १९६८ साली तिकडे बंद झाले. पण आपल्याकडे ते त्यानंतरही कितीतरी वर्षे निघत राहिले.

खेड्यात जीप प्रथम आणली ती सरकारने. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, गटवार कचेऱ्या आल्या आणि त्यांच्या दारात जीप उभी राहिली. १ मे १९६२ पासून आपल्या राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्यावर तर 'जीप आली' म्हणजे 'साहेब आला' असा अर्थ झाला. पुढे या गाड्या जुन्या होऊन लिलावात निघाल्या आणि पुष्कळ बागाईतदारांनी त्या घेतल्या. आता तो मार्ग राहिला नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. खाजगी गाडीचे मात्र पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. म्हणून ज्यांच्याकडे जुनी जीप आहे, त्यांनी ती केवळ चालती नव्हे तर धड चालती ठेवणे हे कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

खिळ्याची गोष्ट

१९९६ सालचा ऑगस्ट महिना असावा. कपाशीवरच्या किडीची पाहणी करून आम्ही संध्याकाळी परतत होतो. चार माणसे जीपमध्ये. नाल्याचा उतार म्हणून काकांनी वेग अगदी कमी केला होता. खालून 'खट्' असा आवाज झाला. उजवे चाक सरळ राहिले आणि डावे चाक आपल्या मनाने बाहेरच्या बाजूला वळले. काकांनी ब्रेक दाबला, गाडी फरफटत तुरीच्या वावरात शिरली आणि थांबली. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पण तोच प्रकार दहा मिनिटे आधी मोठ्या रस्त्यावर झाला असता, तर हा लेख लिहायला मी नसतो.

काकांनी खाली वाकून पाहिले आणि मला बोलावले. टाय रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट चाकाच्या आर्ममधून निसटून खाली लोंबत होता. त्याचा नट गळून पडला होता. नट फिरू नये म्हणून त्यात जी दुपाखी पिन घालतात, तिच्या जागी मागे कोणा मिस्त्रीने एक साधा खिळा वाकवून घातला होता. तो खिळा झिजून तुटला, नट हळूहळू फिरत गेला आणि शेवटी पडला. चार-आठ आण्यांच्या पिनेची ती बचत! काकांनी खिळ्याचा उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून कोणत्याही जुन्या जीपमध्ये बसण्यापूर्वी मी एकदा वाकून पुढच्या चाकांमागे पाहतो. लोक हसतात. हसोत.

कासरा हातात, पण बैल कुठे?

स्टिअरिंगचे चाक आणि रस्त्यावरची चाके यांच्यामध्ये काय काय असते, हे एकदा समजून घेतले म्हणजे पुढचे काम सोपे जाते. आपण स्टिअरिंग फिरवतो, ते दांड्याने खाली गिअर बॉक्सपर्यंत जाते. गिअर बॉक्समधून एक आर्म खाली लोंबतो, त्याला ड्रॉप आर्म म्हणतात. तो पुढे-मागे हलतो. त्याला जोडलेला लांब दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. ड्रॅग लिंक समोर मध्यभागी असलेल्या बेल क्रँकला हलवते. बेल क्रँक हा एका पिनेभोवती फिरणारा कोनाकृती आर्म. पुढे-मागे होणारी हालचाल तो आडवी करतो. त्याच्यापासून दोन टाय रॉड निघतात, एक डाव्या चाकाकडे, एक उजव्या चाकाकडे. प्रत्येक टाय रॉडच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट. म्हणजे बॉल जॉइंटच चार झाले, शिवाय ड्रॅग लिंकची दोन टोके आणि बेल क्रँकची पिन व बेअरिंग. नंतरच्या काही मॉडेलांत रचना थोडी वेगळी आहे, तेव्हा आपल्या गाडीखाली स्वतः डोकावून काय कशाला जोडले आहे ते पाहून घ्यावे.

आता असे समजा की कासऱ्याला सात ठिकाणी गाठी आहेत आणि प्रत्येक गाठ थोडी सैल आहे. एकेक गाठ पाहिली तर फार काही वाटत नाही. पण सातही ठिकाणचा सैलपणा एकत्र होऊन हातात येतो, आणि आपण कासरा ओढला तरी बैलाला कळेपर्यंत वेळ जातो. स्टिअरिंगमधल्या या मोकळ्या हालचालीला मिस्त्री लोक 'प्ले' म्हणतात, आपण खेळ म्हणू.

झीज होते कशाने? आपल्या भागातली काळी माती याला मोठी कारण आहे. पावसाळ्यात पांधणीतला चिखल बॉल जॉइंटवर बसतो. जॉइंटवरची रबरी टोपी फाटली असली की चिखल आत जातो, उन्हाळ्यात वाळतो, आणि त्यातली रेती-धूळ ग्रीसमध्ये मिसळून जात्यासारखी बॉल दळत राहते. वरून ग्रीस भरलेले दिसते. पण ते ग्रीस नसून रांध्याचा लेप असतो. दुसरे कारण आळस. ग्रीस गन घरात असते, पण खाली वाकायचे कोणी?

दोघांनी मिळून करायची परीक्षा

भाऊंना मी म्हटले, पुढच्या रविवारी येतो, गाडी अंगणात सपाट जागी उभी ठेवा. त्यांचे धाकटे चिरंजीव तालुक्याला आयटीआयमध्ये शिकतात, त्यांनाही थांबायला सांगितले. गावातला एक अनुभवी मिस्त्री बोलावला. शेजारी बसून पाहणे आणि प्रश्न विचारणे एवढेच माझे काम होते, हे कबूल करतो.

पहिली परीक्षा गाडी जॅकवर न चढवता करावी. चाके जमिनीवर, गाडीचे वजन चाकांवर. चाके उचलली म्हणजे जॉइंटवरचा भार जातो आणि झीज लपते. इंजिन बंद. पुढची चाके सरळ. एकाने स्टिअरिंगवर बसून ते हलके हलके डावीकडे-उजवीकडे हलवावे, चाक वळू लागेपर्यंतच. दुसऱ्याने समोरून खाली वाकून एकेका जोडावर हात ठेवावा. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटांना कळते. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा भाग क्षणभर थांबून मग हलतो, असे जिथे जाणवेल तिथे झीज आहे. भाऊंच्या गाडीत स्टिअरिंगच्या कडेवर मोजले तर मोकळा खेळ चार बोटांहून जास्त निघाला. माझ्या अनुभवाप्रमाणे दोन बोटांच्या वर गेला की स्वस्थ बसू नये.

चिरंजीवांनी बोट ठेवून एकेक सांगायला सुरुवात केली. डाव्या टाय रॉडचे बाहेरचे टोक सैल. उजव्याची दोन्ही सैल. बेल क्रँक तर वर-खालीसुद्धा डुलत होता. ड्रॅग लिंकच्या मागच्या टोकातली स्प्रिंग तुटलेली.

त्यानंतर एक चाक जॅकने उचलून, खाली घोडी लावून, चाक वर-खाली धरून हलवावे. वर एक हात, खाली एक हात. खेळ जाणवला तर तो चाकाच्या बेअरिंगमध्येही असू शकतो आणि किंग पिनच्या बेअरिंगमध्येही. ओळखण्याची सोपी युक्ती अशी: दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिनचा. भाऊंच्या गाडीत चाकाचे बेअरिंग थोडे सैल निघाले, किंग पिन ठीक होत्या. स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि शॅकलचे बुशही याच वेळी पाहून घ्यावेत. पुढचा धुरा स्प्रिंगवर घट्ट बसलेला नसेल, तर सगळे जोड नवे घालूनही गाडी वाहवतेच.

इथे एक इशारा. पुष्कळ ठिकाणी असे होते की, मालक म्हणतो स्टिअरिंग सैल झाले, आणि मिस्त्री गिअर बॉक्सवरचा स्क्रू पिळून देतो. दोन मिनिटांचे काम. हाताला बरे वाटते. पण दोष खालच्या जोडांत तसाच राहतो, आणि गिअर बॉक्स मात्र गरजेपेक्षा जास्त आवळला जाऊन स्टिअरिंग मध्यावर अडकू लागते, वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. खालचे सर्व जोड नीट झाल्यावर, शेवटी, उरलेला खेळ गिअर बॉक्सचा असेल तरच तिकडे हात लावावा.

वेल्डिंग नको

भाऊंच्या आईंनी, आम्ही त्यांना आजीच म्हणतो, ओट्यावरून विचारले, "बापू, थे वेल्डिंगवाला नाही का भरून देत? मागं नांगराचं भरून देल्लं होतं." प्रश्न चांगला होता, कारण असे करणारे पुष्कळ आहेत. झिजलेल्या बॉलवर वेल्डिंग भरून घासून देतात, वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करून देतात, तुटक्या आर्मला जोड लावतात. नांगराला ते चालते. नांगर तुटला तर बैल थांबतात. स्टिअरिंगचा भाग तापवला की त्या पोलादाचा मूळ गुण बदलतो. तो ठिसूळ तरी होतो किंवा मऊ तरी, आणि कोणत्या दिवशी तुटेल हे सांगता येत नाही. वाकलेला टाय रॉड बदलावा. भेग गेलेला आर्म बदलावा. यात तडजोड नाही.

सुटे भाग भाऊ नागपूरहून घेऊन आले. जुन्या जीपचे हे भाग अजून मिळतात. जाताना जुने भाग पिशवीत घालून सोबत न्यावेत, कारण मॉडेलप्रमाणे जाडीत आणि आट्यांत फरक असतो. दुकानात बॉल जॉइंट हातात घेऊन त्याची दांडी सर्व बाजूंना फिरवून पाहावी. ती घट्ट पण सारखी फिरली पाहिजे; नव्यातच डुलणारी किंवा मध्येच अडकणारी परत करावी. रबरी टोपी, किल्ल्यासारख्या खाचांचा नट आणि पिन सोबत आहेत ना ते पाहावे. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला उलटे. म्हणून दोन सुलट्या आणि दोन उलट्या आट्यांचे जॉइंट घ्यावे लागतात. भाऊंनी पहिल्या खेपेला चारही सुलटे आणले, एक खेप वाया गेली. बेल क्रँकसाठी पिन, सुईसारख्या बारीक रोलरचे बेअरिंग आणि सील असा संच घेतला. बिल पाहून बाईंनी हिशेबाच्या वहीत लिहिले आणि म्हणाल्या, "टायरच्या जोडीपेक्षा त कमीच आहे." झिजलेल्या स्टिअरिंगमुळे पुढचे टायर एका कडेने खाल्ले गेले होते, ते त्यांनीच गेल्या वर्षी बदलले होते!

काम

गाडी सपाट जागी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. पुढचा धुरा जॅकने उचलून घोड्यांवर टेकवला. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. विटांच्या थप्पीवर तर नाहीच, वीट अचानक फुटते. हे मी मिस्त्रींना सांगितले, तर ते म्हणाले, "साहेब, आम्ही रोजच शिरतो." मी घोड्या आल्याशिवाय काम सुरू होऊ दिले नाही. तेवढा अधिकार वयाचा घेतला.

आदल्या दिवशी सर्व नट-बोल्टांवर डिझेल लावून ठेवले होते. तारेच्या ब्रशने चिखल काढला. मग पिना काढल्या, नट सैल केले. बॉल जॉइंटची दांडी निमुळती असते आणि आर्मच्या निमुळत्या भोकात पाचरीसारखी घट्ट बसते. ती काढताना दांडीच्या टोकावर हातोडे मारू नयेत, आटे चेपतात. मिस्त्रींची रीत चांगली होती: आर्मच्या भोकाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरला आणि विरुद्ध बाजूने दुसऱ्या हातोड्याचे दोन नेमके ठोके दिले. भोक क्षणभर किंचित ताणले जाते आणि जॉइंट 'टप्' करून सुटतो. नट दोन आट्यांवर राहू द्यावा, म्हणजे जॉइंट पायावर पडत नाही.

टाय रॉडमधून जुने टोक काढताना किती फेरे लागतात ते मोजावे. हे काम चिरंजीवांकडे दिले. ते मोठ्याने मोजत होते आणि त्यांची बहीण खडूने ओट्यावर लिहीत होती. डावे बाहेरचे सतरा, आतले सोळा. नवे टोक तेवढ्याच फेऱ्यांनी आत घातले की लांबी जवळपास पूर्वीसारखी येते. तंतोतंत नाही, पण रस्त्यावर नेण्याइतकी.

नवा जॉइंट बसवताना आर्मचे भोक कोरड्या फडक्याने पुसावे. या निमुळत्या भागाला ग्रीस लावू नये. तिथे कोरडी पकडच हवी. भोक लांबट झाले आहे का ते पाहावे. नट आवळताना दांडीच गरगर फिरू लागली, तर खालून जॅकने हलका दाब द्यावा. दाब देऊनही ती डुलत असेल, किंवा दांडी इतकी वर येत असेल की नटाचे आटे संपले तरी पकड येत नाही, तर तो आर्मच बाद समजावा. नट पुरा आवळल्यावर पिनेचे भोक आणि नटाची खाच जुळली नाही, तर नट आणखी थोडा पुढे आवळून जुळवावी. मागे सैल करून कधीही जुळवू नये. पिन नवी, योग्य जाडीची, दोन्ही पाय वाकवलेली. इथे मी माझी खिळ्याची गोष्ट सांगितली. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि खिशातली पिनांची डबी काढून दाखवली.

ड्रॅग लिंकच्या टोकांत स्प्रिंग, दोन वाट्या आणि वरून स्क्रू-बूच अशी रचना होती. जुन्या वाट्या बदलल्या. बूच पूर्ण आवळून मग थोडे सैल करायचे असते. पुढच्या टोकाला साधारण अर्धा फेरा, गिअर बॉक्सकडच्या टोकाला एक फेरा, आणि मग पिन. पूर्ण आवळून ठेवले तर बॉल जखडतो आणि स्टिअरिंग जड होते. बेल क्रँकला मात्र सर्वांत जास्त वेळ लागला. जुनी पिन गंजून धरली होती. ती निघेपर्यंत दुपार झाली, आणि जेवणानंतर मिस्त्रींनी डुलकी घेतली ती वेगळी. जुनी पिन हातात घेतली तर एका बाजूने चांगलीच खाल्ली गेली होती. नखाला खाच लागत होती. सारा रोग तिथेच होता म्हटले तरी चालेल. लोक चार बॉल जॉइंट बदलतात आणि बेल क्रँक विसरतात, आणि मग म्हणतात खर्च करून उपयोग झाला नाही.

दोरी आणि खडू

भाग बदलले की चाकांची दिशा जुळवावी लागते. पुढची दोन्ही चाके पुढच्या बाजूला किंचित एकमेकांकडे झुकलेली असावी लागतात. याला टो-इन म्हणतात. जुन्या जीपच्या पुस्तिकेत हे माप ३/६४ ते ३/३२ इंच दिले आहे, म्हणजे सव्वा ते अडीच मिलीमीटरच्या आसपास. एवढे बारीक माप अंगणात कसे मिळणार?

आधी बेल क्रँक मध्यावर, पुढच्या धुऱ्याशी काटकोनात, आणून स्थिर ठेवला. मग एका बाजूच्या मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सरळ फळी लावून ते पुढचे चाक त्याच्या टाय रॉडने सरळ केले. नंतर दुसऱ्या बाजूच्या टाय रॉडने टो-इन जुळवला. असे न करता एकाच टाय रॉडवर सगळे माप काढले, तर गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळते. मापासाठी चाक उचलून फिरवत ठेवून टायरच्या मध्यावर खडूचा पट्टा ओढला आणि त्यावर खिळ्याच्या टोकाने एक बारीक रेघ काढली. गाडी खाली घेतली, थोडी पुढे-मागे ढकलून बसू दिली. मग पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, रेघेपासून रेघेपर्यंत अंतर घेतले. गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच रेघा मागे आणल्या आणि पुन्हा घेतले. पुढचे अंतर मागच्यापेक्षा जितके कमी, तितका टो-इन. टाय रॉड फिरवून माप जुळल्यावर क्लँपचे बोल्ट आवळले. काम बरे झाले. तरी सोय असेल त्यांनी नंतर गाडी शहरातल्या अलाइनमेंटच्या यंत्रावर एकदा दाखवावी हे उत्तम.

ग्रीस सर्व निपलमधून जुने बाहेर पडून नवे दिसेपर्यंत भरावे. पुढे दर दीड हजार किलोमीटरला, आणि पावसाळ्यात चिखलातून गाडी गेली की त्या आठवड्यात. रबरी टोपी फाटली की त्याच दिवशी टोपी बदलावी.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

ज्यांच्याकडे जीप नाही पण जुना ट्रॅक्टर आहे, त्यांनी हा लेख आपला नाही असे समजू नये. ट्रॅक्टरच्या पुढच्या धुऱ्यालाही टाय रॉड, ड्रॅग लिंक आणि बॉल जॉइंट असतात. शिवाय धुऱ्याच्या मधली पिन आणि तिचे बुश असतात, ज्यांवर पुढचा धुरा डोलतो. ते झिजले की धुरा पुढे-मागेही हलतो आणि चालवणाऱ्याला वाटते स्टिअरिंग गेले. परीक्षा तीच: चाके जमिनीवर, एक वर, एक खाली. वावरात कमी वेगात हा दोष जाणवत नाही. तो जाणवतो कापसाची किंवा संत्र्याची भरलेली ट्रॉली मागे असताना, उतारावर. ट्रॉलीचा भार मागून ढकलतो, पुढची चाके हलकी होतात आणि खेळ उघडा पडतो. त्यात ट्रॉलीवर मजूर बाया बसलेल्या असतात. ट्रॉलीवर माणसे बसवू नयेत हे तर आहेच. पण बसवली जातात हेही आपण जाणतो, म्हणून सांगतो.

दोनशे किलोमीटरनंतर

संध्याकाळी भाऊंनी गाडी काढली. आधी अंगणात, मग पांधणीत, मग रस्त्याला. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठे काही अडकते का, चाक ड्रॅग लिंकला घासते का, ते पाहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "साहेब, आता थे माह्या हाताची वाटच पाह्यत नाही, लगेच वळते. मलेच भेव लागलं." हे खरे आहे. वर्षानुवर्षे सैल गाडी चालवलेल्या माणसाला नीट झालेली गाडी पहिले दोन दिवस फार चपळ वाटते, तेव्हा वेग कमीच ठेवावा.

दोनशे किलोमीटर झाल्यावर सर्व नट पुन्हा एकदा पाहायचे ठरले होते. मला जाता आले नाही, पण चिरंजीवांनी फोन केला. बाकी सर्व ठीक होते, एका क्लँपचा बोल्ट अर्धा फेरा आवळला गेला, पिना सगळ्या जागच्या जागी होत्या. जुनी बेल क्रँकची पिन त्यांनी आयटीआयमध्ये मास्तरांना दाखवायला नेली होती. आणि येत्या चतुर्थीला आजीला अदासाच्या गणपतीला न्यायचे ठरले आहे, गाडी बहीण चालवणार आहे, असेही त्यांनी सांगितले.